हातातील कॅमेऱ्याने फुलांचे निकट छायाचित्रण

हातातील कॅमेऱ्याने फुलांचे निकट छायाचित्रण म्हणजे तिपाई किंवा अन्य स्थिर आधार न घेता, कॅमेरा हातात धरून फुले, पाने, कळ्या, फळे आणि वनस्पतींचे इतर अवयव अगदी जवळून टिपण्याची पद्धत होय. निसर्ग छायाचित्रणाची ही एक लोकप्रिय शाखा आहे. हौशी छायाचित्रकारांप्रमाणेच वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आणि क्षेत्रीय अभ्यासकही तिचा वापर करतात. वनस्पती न तोडता तिची नोंद ठेवता येणे हा या पद्धतीचा मोठा लाभ मानला जातो. मात्र छायाचित्रासाठी जवळ जाणाऱ्या माणसाच्या पायाखाली तीच वनस्पती किंवा तिची शेजारीण चिरडली जाण्याचा धोकाही तिच्याशी जोडलेला आहे.

== संज्ञा आणि व्याप्ती ==

निकट छायाचित्रणाचे मोजमाप प्रतिमा-गुणोत्तराने केले जाते. वस्तूची सेन्सरवर किंवा फिल्मवर पडणारी प्रतिमा आणि प्रत्यक्ष वस्तू यांच्या आकारांचे हे गुणोत्तर असते. १ सेंटिमीटर रुंदीच्या फुलाची सेन्सरवरील प्रतिमाही १ सेंटिमीटर असेल तर गुणोत्तर १:१ होते, आणि प्रतिमा ५ मिलिमीटर असेल तर १:२. साधारणपणे १:१० ते १:१ या पट्ट्यातील छायाचित्रणाला निकट छायाचित्रण म्हणतात. काटेकोर अर्थाने 'मॅक्रो' हा शब्द १:१ किंवा त्याहून मोठ्या प्रतिमेसाठी राखून ठेवला जातो. व्यवहारात मात्र हा भेद फारसा पाळला जात नाही. लेन्स तयार करणाऱ्या कंपन्या १:४ पर्यंतच जाणाऱ्या लेन्सवरही 'मॅक्रो' असे छापतात, तर निकॉन ही कंपनी आपल्या अशा लेन्सना 'मायक्रो' म्हणते.

पुढील विवेचनात 'पूर्ण आकाराचा सेन्सर' म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा, ३६ × २४ मिलिमीटरचा सेन्सर असे समजावे. कापलेल्या छायाचित्रात किंवा पडद्यावर फूल कितीही मोठे दिसत असले, तरी गुणोत्तर सेन्सरवरील प्रतिमेवरूनच ठरते.

== इतिहास ==

वनस्पती हा छायाचित्रणाचा सर्वांत जुन्या विषयांपैकी एक आहे. इंग्लंडमधील विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी आपल्या आरंभीच्या प्रयोगांत संवेदनशील कागदावर पाने ठेवून त्यांच्या आकृत्या मिळवल्या होत्या. ॲना ॲटकिन्स यांनी १८४३पासून ब्रिटिश शैवालांच्या निळ्या सायनोटाइप प्रतिमांचा संग्रह प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. या दोन्ही उदाहरणांत कॅमेरा नव्हता. वनस्पती थेट कागदावर ठेवली जात असल्याने प्रतिमा आपोआपच १:१ मिळत असे.

कॅमेऱ्याने घेतलेल्या मोठ्या वनस्पती-प्रतिमांना कलाजगतात मान्यता मिळवून दिली ती बर्लिनमधील कलाशिक्षक कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५–१९३२) यांनी. त्यांचा 'उरफॉर्मेन देअर कुन्स्ट' हा संग्रह १९२८ मध्ये प्रकाशित झाला. स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने त्यांनी कोंब, देठ आणि शुष्क फळे मोठी करून टिपली. याच दशकात अमेरिकेत इमोजेन कनिंगहॅम यांनी फुलांची निकट छायाचित्रे घेतली. १९२५चे 'मॅग्नोलिया ब्लॉसम' हे त्यांतील सर्वाधिक परिचित होय. ब्लॉसफेल्ट यांच्या कामात तोडलेली वनस्पती कॅमेऱ्यापुढे आणली जाई. कॅमेरा हातात घेऊन वनस्पतीकडे जाणे हा नंतरचा टप्पा आहे.

तो टप्पा शक्य होण्यामागे एकलेन्स प्रतिबिंब कॅमेऱ्याचा, म्हणजेच एसएलआरचा, मोठा वाटा आहे. वेगळ्या दृश्यखिडकीच्या कॅमेऱ्यात डोळ्याला दिसणारे दृश्य आणि लेन्सला दिसणारे दृश्य यांत थोडे अंतर असते. डोंगर टिपताना ते जाणवत नाही, पण १० सेंटिमीटरवरील फूल त्यामुळे चौकटीबाहेर जाऊ शकते. १९३६ मध्ये आलेल्या किने एक्झाक्टासारख्या ३५ मिलिमीटर एसएलआर कॅमेऱ्यांनी ही अडचण दूर केली. १९५५ मध्ये किलफिट कंपनीची माक्रो-किलार ही अतिरिक्त उपकरणांशिवाय जवळ फोकस होणारी लेन्स बाजारात आली. पुढे १९७५च्या ऑलिंपस ओएम-२ मध्ये फ्लॅशचा प्रकाश लेन्समधून आत आल्यावर मोजण्याची सोय झाली आणि फ्लॅशचे अंतर मोजून हिशेब करण्याचा व्याप वाचला.

तरीही फिल्मच्या काळात हातातील निकट छायाचित्रण बरेचसे फ्लॅशवर अवलंबून राहिले. याचे कारण साध्या हिशेबाने स्पष्ट होते. भर उन्हात ॲपर्चर एफ/१६ असताना शटरचा वेग फिल्मच्या आयएसओ अंकाएवढा भाजक घेऊन ठरवता येतो. आयएसओ ५० असेल तर १/५० सेकंद, आणि एफ/११ला १/१०० सेकंद. परंतु १:१ला लेन्स सेन्सरपासून दूर जात असल्याने प्रकाश एक चतुर्थांशच उरतो आणि वेग १/२५ सेकंदावर उतरतो. आकाश भरून आलेले असेल तर प्रकाश आणखी आठपटीने घटतो आणि शटर सुमारे १/३ सेकंद उघडे ठेवावे लागते. इतका वेळ कॅमेरा हातात स्थिर धरणे अशक्यप्राय असते. डिजिटल कॅमेऱ्यात आयएसओ १६०० सहज वापरता येत असल्याने त्याच ढगाळ हवेत १/१०० सेकंद मिळतो. फुलांच्या छायाचित्रणातून तिपाई मागे पडली ती प्रामुख्याने या फरकामुळे.

== तांत्रिक मर्यादा ==

=== स्पष्टतेची खोली ===

ज्या अंतरावर फोकस केले जाते त्याच्या थोडे पुढचे व थोडे मागचे भागही छायाचित्रात पुरेसे रेखीव दिसतात. या पट्ट्याला स्पष्टतेची खोली किंवा प्रचलित भाषेत 'डेप्थ ऑफ फील्ड' म्हणतात. गुणोत्तर वाढते तशी ती अतिशय झपाट्याने घटते. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर, एफ/११ ॲपर्चरला आणि रूढ निकषानुसार, ही खोली १:१०ला सुमारे ७ सेंटिमीटर, १:२ला सुमारे ४ मिलिमीटर, तर १:१ला जेमतेम १.३ मिलिमीटर असते. जास्वंदीच्या फुलातील बाहेर डोकावणारा केसरदांडा ध्यानात घेतल्यास या आकड्यांचा अर्थ उमगतो. समोरून घेतलेल्या छायाचित्रात त्याच्या टोकावरील कुक्षी रेखीव आली तर पाकळ्या धूसर होतात, आणि पाकळ्या रेखीव आल्या तर कुक्षी.

ॲपर्चर आणखी लहान करणे हा उपाय एका मर्यादेपर्यंतच चालतो. १:१ला लेन्सचे परिणामी ॲपर्चर दर्शविलेल्या अंकाच्या दुप्पट अंकाचे होते. एफ/१६ हे प्रत्यक्षात एफ/३२ ठरते. इतक्या लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होऊन संपूर्ण चित्रच मऊ पडते. म्हणून बहुतेक छायाचित्रकार एफ/८ ते एफ/१६ या मर्यादेत राहतात.

यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष असा, की सर्व काही रेखीव आणण्याच्या प्रयत्नापेक्षा कोणती पातळी रेखीव ठेवायची हे ठरवणे अधिक महत्त्वाचे असते. फुलपाखरू पंख मिटून बसले की ते कडेने टिपले जाते, तोच न्याय फुलांनाही लागू पडतो. पानाचा पृष्ठभाग, चपटा फुलोरा किंवा कडेने पाहिलेले नळीसारखे फूल सेन्सरला समांतर आणले की त्याच मिलिमीटरभर खोलीत पुष्कळ काही सामावते. केवळ काही अंश कलते राहिले तरी एक टोक धूसर होते.

=== हाताची हालचाल ===

हातातील कॅमेरा तीन प्रकारे हलतो. तो कलतो, आडवा-उभा सरकतो आणि मागेपुढे होतो. दूरच्या दृश्यात कलण्याचाच परिणाम जाणवतो आणि नेहमीची कंपनरोधक यंत्रणा तोच भरून काढते. जवळच्या दृश्यात सरकणेही तितकेच घातक ठरते, कारण १:१ला कॅमेरा १ मिलिमीटर सरकला की प्रतिमाही १ मिलिमीटर सरकते. कंपनरोधक सोय असलेली निकॉनची १०५ मिलिमीटर मायक्रो लेन्स २००६ मध्ये आली. कलणे आणि सरकणे या दोन्हींची दखल घेणारी 'हायब्रिड' यंत्रणा कॅननने २००९च्या १०० मिलिमीटर मॅक्रो लेन्समध्ये आणली.

तिसऱ्या हालचालीवर मात्र अशा यंत्रणेचा इलाज चालत नाही. उभ्या माणसाचे शरीर नकळत काही मिलिमीटर डुलतच असते, आणि स्पष्टतेची खोली त्याहून कमी असल्यास फोकस सतत पुढेमागे भटकत राहतो. चित्र हलल्यासारखे न दिसता नेमकी चुकीची जागा रेखीव येते, हे या दोषाचे लक्षण होय. नवख्या छायाचित्रकारांची बरीचशी फसलेली छायाचित्रे याच प्रकारची असतात, आणि दोष मात्र लेन्सला दिला जातो.

=== वारा ===

वनस्पती स्वतः हलते ही अडचण तिपाईनेही सुटत नाही. एखादे फूल वाऱ्यावर सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने झुलत असेल तर १/१०० सेकंदात ते १ मिलिमीटर सरकते. १:२ला प्रतिमा अर्धा मिलिमीटर सरकते, म्हणजे चौकटीच्या रुंदीचा बहात्तरावा भाग. डोळ्याला हे स्पष्टपणे धूसर दिसते. झुलणारे फूल दोन्ही टोकांना क्षणभर थांबते, तो क्षण साधणे हा जुना उपाय आहे. पहाटे वारा बहुधा पडलेला असतो. शरीराचा किंवा छत्रीचा आडोसा करणे, किंवा लांब देठ मऊ चिमट्याने जवळच्या काडीला हलकेच टेकवणे हेही प्रचलित आहे.

== साधने ==

खास मॅक्रो लेन्स साधारणतः ५० ते २०० मिलिमीटर केंद्रांतराच्या असतात. हातातील वापरासाठी ९० ते १०५ मिलिमीटरच्या लेन्स सर्वाधिक पसंत केल्या जातात, कारण १:१लाही लेन्सच्या पुढच्या टोकापासून फुलापर्यंत सुमारे १३ ते १५ सेंटिमीटर अंतर उरते. त्यामुळे स्वतःची सावली फुलावर पडत नाही आणि परागकण गोळा करणारी मधमाशीही सहसा बिथरत नाही. २०० मिलिमीटरची लेन्स आणखी दूर राहू देते, पण तिचे वजन हाताला लवकर जाणवते.

कमी खर्चाचे पर्यायही आहेत. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायच्या पोकळ एक्स्टेन्शन ट्यूबने मिळणारे गुणोत्तर सहज काढता येते. ५० मिलिमीटर लेन्समागे २५ मिलिमीटर ट्यूब लावल्यास ते सुमारे १:२ होते. लेन्सपुढे बसणारी क्लोज-अप भिंगे डायॉप्टरमध्ये मोजली जातात. +४चे भिंग लावून लेन्स अनंतावर फोकस केल्यास विषय २५ सेंटिमीटरवर रेखीव दिसतो. स्वस्त, एकेरी भिंगांत कडांना रंगीत झालर दिसते. साधी लेन्स उलटी बसवण्याची युक्तीही जुनी आहे. तिने मोठी प्रतिमा मिळते, पण बहुतेक आधुनिक लेन्सचे ॲपर्चर अशा वेळी कॅमेऱ्यातून बदलता येत नाही.

मोबाइल फोनने या क्षेत्राचा विस्तार केला आहे. २०२१च्या आयफोन १३ प्रोमध्ये २ सेंटिमीटरपर्यंत फोकस होणारा मॅक्रो प्रकार आला, आणि इतर कंपन्यांचेही निकट छायाचित्रण करणारे फोन उपलब्ध आहेत. लहान सेन्सरमुळे तशाच चौकटीत अधिक भाग रेखीव येतो, हा फोनचा खरा फायदा आहे. वनस्पती ओळखण्यासाठी तो पुष्कळदा महागड्या कॅमेऱ्यापेक्षा सोयीचा ठरतो. तोटा असा, की इतक्या जवळ गेल्यावर फोनचीच सावली फुलावर पडते आणि रुंद कोनाच्या लेन्समुळे फुलाचा जवळचा भाग अवाजवी मोठा दिसतो.

== पद्धती ==

हातातील निकट छायाचित्रणात स्वयंचलित फोकस पुष्कळदा चाचपडतो. त्यामुळे प्रचलित पद्धत उलट्या क्रमाने चालते. आधी लेन्सवर हवे ते गुणोत्तर कायम करायचे, मग कॅमेऱ्यासह संपूर्ण शरीर किंचित पुढेमागे झुकवत परागकोश किंवा शिरा रेखीव दिसताच शटर दाबायचे. एका पाठोपाठ चार-सहा छायाचित्रे घेतल्यास त्यांतील एखादे नेमके लागते. कोपरे छातीला टेकवणे, एक गुडघा जमिनीवर ठेवून दुसऱ्यावर कोपर टेकवणे, जमिनीलगतच्या फुलासाठी मूठ किंवा छोटी उशी आधाराला घेणे, तसेच श्वास अर्धा सोडून थांबणे या सवयींनी डुलणे कमी होते. कॅमेरा धरलेल्या डाव्या हाताच्याच बोटांत फुलाचा देठ हलकेच धरला तर दोन्ही एकत्र हलतात आणि त्यांतील अंतर बदलत नाही. ही युक्ती मजबूत देठाच्या फुलांपुरतीच योग्य होय.

प्रकाशाच्या बाबतीत भर दुपारचे ऊन सहसा टाळले जाते, कारण पाकळ्यांवर पांढरे डाग आणि आत काळ्या सावल्या पडतात. पातळ ढगांचा प्रकाश रंग आणि पोत दोन्ही जपतो. प्रकाशाविरुद्ध टिपलेल्या पानात शिरांचे जाळे व देठावरील लव उठून दिसते. फ्लॅशचा झोत एका सेकंदाच्या सहस्रांशापेक्षाही कमी काळ टिकू शकत असल्याने हाताची आणि वाऱ्याची दोन्ही हालचाल गोठते, मात्र पार्श्वभूमी काळी पडण्याचा आणि फूल रात्री टिपल्यासारखे दिसण्याचा संभव असतो. फ्लॅशपुढे दुधी कागदाचा किंवा कापडाचा डिफ्यूझर धरल्यास छाया मऊ होतात.

रंगांची अचूकता हा स्वतंत्र प्रश्न आहे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या उजळपणाचे आहे असे गृहीत धरतो. म्हणून चौकट भरून घेतलेले मोगऱ्याचे फूल राखी दिसते आणि एक्स्पोजर मुद्दाम वाढवावे लागते. याउलट गडद लाल जास्वंदीत लाल रंगाची नोंद कमाल मर्यादेला पोहोचून पाकळीवरील सर्व बारकावे पुसले जातात, तेव्हा एक्स्पोजर घटवणे इष्ट ठरते. काही निळी फुले डोळ्याला जवळजवळ न दिसणारा अतिलाल प्रकाशही परावर्तित करतात. रंगीत फिल्मवर ती गुलाबीसर उमटत, आणि ॲजरेटम या फुलावरून या परिणामाला नावही पडले आहे. डिजिटल कॅमेऱ्यातील गाळणीमुळे हा दोष बराच कमी झाला आहे.

== वनस्पती ओळखण्यासाठी उपयोग ==

सुंदर छायाचित्र आणि उपयुक्त छायाचित्र यांत अनेकदा फरक असतो. समोरून घेतलेल्या, धूसर पार्श्वभूमीच्या एका फुलावरून वनस्पतीचे कूळ कळले तरी जाती कळेलच असे नाही. ओळख पटवण्यासाठी संपूर्ण वनस्पती, पानांची मांडणी, पानाची खालची बाजू, देठाजवळची उपपर्णे, फुलाची बाजू व निदलपुंज, पुंकेसरांची रचना आणि शक्य असल्यास फळ अशी छायाचित्रांची मालिका लागते. मापासाठी चौकटीत पट्टी किंवा नाणे ठेवणे उपयोगी असते. निकट छायाचित्रात आकाराचा अंदाज पूर्णपणे हरवतो, आणि ५ मिलिमीटरचे फूल ५ सेंटिमीटरचे वाटू शकते.

इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल, आयनॅचरलिस्ट यांसारख्या संकेतस्थळांवर लोकांनी पाठवलेल्या अशा छायाचित्रांतून वनस्पतींच्या प्रसाराच्या आणि फुलण्याच्या काळाच्या नोंदी जमा होत आहेत. तथापि छायाचित्र शुष्क नमुन्याची जागा घेऊ शकत नाही. नव्या सपुष्प वनस्पतीचे नामकरण करताना संग्रहालयात जतन केलेला नमुना द्यावा लागतो. मुंबईतील ब्लॅटर हर्बेरियम किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पुण्यातील केंद्र येथे असे नमुने सांभाळले जातात. गवतांसारख्या कुळांत तर सूक्ष्म कणिशके उलगडून पाहिल्याशिवाय निश्चित सांगणे कठीण असते.

खरचुडी किंवा कंदीलपुष्प या नावांनी ओळखली जाणारी सेरोपेजिया प्रजाती याचे बोलके उदाहरण आहे. तिच्या कंदिलासारख्या नळीत लहान माश्या शिरतात, आतील केसांमुळे काही काळ अडकतात आणि परागीभवन घडवून बाहेर पडतात. जाती ओळखण्यास उपयोगी पडणारा किरीट नळीच्या तळाशी असतो. तो बाहेरून दिसत नाही आणि केवळ छायाचित्रासाठी नळी चिरल्यास त्या फुलाचे फळ होत नाही.

== सह्याद्रीतील सडे आणि अधिवासावरील परिणाम ==

महाराष्ट्रात रानफुलांच्या छायाचित्रणाचा मुख्य हंगाम ऑगस्ट ते ऑक्टोबर हा आहे. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरील कास पठार हे त्याचे सर्वांत गजबजलेले ठिकाण होय. पश्चिम घाटातील जी ३९ स्थळे २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली, त्यांत कासचा समावेश आहे. जांभ्याच्या कातळावरील मातीचा थर येथे अत्यंत पातळ असून काही जागी तो बोटभरही नसतो. त्यावर गेंद, कवला, तेरडा, सीतेची आसवे आणि कीटकभक्षी दवबिंदू उगवतात. कातळावरील डबक्यांत वाढणारा सातारी वायतुरा ही प्रदेशनिष्ठ वनस्पतीही याच परिसरातली आहे.

सीतेच्या आसवांचे फूल सुमारे १ सेंटिमीटरचे आणि जमिनीपासून वीतभरही उंच नसते. ते नजरेच्या पातळीवरून टिपायचे तर ओल्या कातळावर आडवे व्हावे लागते. ढग, रिमझिम आणि सततचा वारा यांमुळे तिपाई उभी करण्यास फारसा वाव नसतो, म्हणून येथे बहुतेक छायाचित्रे हातातील कॅमेऱ्यानेच घेतली जातात. तिपाईचे तीन पाय टळले तरी छायाचित्रकाराचे गुडघे, कोपरे आणि पाठीवरची पिशवी उरतेच. एका चांगल्या फुलासाठी आडव्या झालेल्या माणसाखाली त्याच जातीची कितीतरी रोपे येतात, आणि त्याच फुलाकडे एकामागून एक माणसे गेली की तेथे पायवाट उमटते. पातळ मातीचा थर एकदा दबला वा निसटला की तो लवकर भरून येत नाही. यांपैकी पुष्कळ वनस्पती वर्षायू असल्याने बी धरण्यापूर्वी चिरडलेले रोप पुढच्या वर्षीच्या बियांतूनही वजा होते.

यामुळे मळलेल्या वाटेवरून किंवा उघड्या खडकावरूनच छायाचित्रे घेणे, वाटेकडेचे फूल निवडणे आणि लांब केंद्रांतराची लेन्स वापरणे या गोष्टींचा आग्रह धरला जातो. कॅमेऱ्याचा वळणारा पडदा असल्यास आडवे न होता वाकून जमिनीलगतचे दृश्य पाहता येते. या दृष्टीने ही सोय महागड्या लेन्सपेक्षाही मोलाची आहे. चौकटीत येणारे गवत उपटणे ही सवय विशेष आक्षेपार्ह समजली जाते. जमिनीवरील आमरीसारख्या वनस्पती त्या गवताच्याच आडोशाने उभ्या असतात आणि तो गेल्यावर गुरांच्या नजरेस सहज पडतात. गवताची काडी थोडा वेळ बोटाने बाजूला धरून सोडून देणे पुरेसे होते. फुलावर पाण्याचा फवारा मारून दव भासवण्याची प्रथा तुलनेने निरुपद्रवी आहे, पण ज्या छायाचित्राचा नोंद म्हणून उपयोग व्हायचा आहे त्यात ती दिशाभूल करते.

दुर्मीळ वनस्पतींबाबत छायाचित्रासोबत जाणारी माहितीही धोक्याची ठरू शकते. खरचुडीचे कंद खाण्यासाठी खणले जातात, तर आमरींना संग्राहकांकडून मागणी असते. मोबाइल फोनने घेतलेल्या छायाचित्रात स्थळाचे अक्षांश-रेखांश नोंदवलेले असू शकतात, आणि मूळ फाइल जशीच्या तशी पाठवल्यास ते कोणालाही वाचता येतात. आयनॅचरलिस्टवर संकटग्रस्त जातींचे नेमके स्थान आपोआप झाकले जाते व नकाशावर केवळ ढोबळ परिसर दिसतो. समाजमाध्यमांवर मात्र छायाचित्राखाली गडाचे, वाटेचे किंवा कड्याचे नाव लिहायचे की नाही, हे छायाचित्रकारालाच ठरवावे लागते.